नुकसान कुणाच्या नावे?

जुनी दर्शनी हुंडी, म्हणजे दाखवताच पैसे द्यावेत अशी पेढीवर लिहिलेली चिठ्ठी, सावकाश वाचली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. ती लिहिणाऱ्याने चोराचा विचार पुरता करून ठेवला आहे. हजार रुपयांची हुंडी असेल तर मुनीम नुसते ‘हजार’ लिहून मोकळा होत नसे. रुपये हजार, त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे हजार द्यावे, असा मजकूर तो लिही. वाटेत कोणी एक शून्य वाढवले तर निमे जुळेना. निमे बदलले तर दुप्पट चुके. तिन्ही ठिकाणी हात घालायचा म्हटले तर खाडाखोड लपत नसे. माझे आजोबा खामगावच्या एका अडत दुकानात मुनीम होते. नव्या उमेदवारांसाठी त्यांनी लिहिलेला हुंडीचा कित्ता आमच्या घरी अजून आहे. रकमेच्या पुढे-मागे जागा मोकळी का सोडायची नाही, अक्षरी रकमेनंतर ‘मात्र’ का लिहायचे, मितीला लागूनच गावाचे नाव का घालायचे, हे सगळे त्यात एकेका ओळीत सांगितले आहे.

मी बँकेत नोकरी केली. त्यातली शेवटची वर्षे कार्डाच्या तक्रारी घेण्यात गेली. त्या टेबलावर जे पाहिले ते आजोबांच्या कित्त्याशी ताडून पाहावे, असे फार दिवस मनात होते. कागदावरचा पैसा काय, प्लास्टिकवरचा काय, चोर त्यावर डोळा ठेवणारच, हे दोन्ही काळांनी धरूनच चालले होते. चोरी झाल्यावर नुकसान कुणाच्या नावे टाकायचे, या एका प्रश्नाची उत्तरे मात्र आमच्या जिल्ह्यात गेल्या दीडशे वर्षांत बदलत गेली. ती बदलताना भरडले कोण गेले, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवे.

खामगावात हुंड्यांचा एवढा राबता होता तो कापसामुळे. १८२०-३०च्या सुमारास हैदराबादच्या विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईकडे न्यायला सुरुवात केली. १८५३मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर काळ्या मातीच्या या पट्ट्याकडे वळली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी रेल्वे त्याच दशकात नागपूरला पोचली. १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि जलंब-खामगाव या जेमतेम तेरा किलोमीटरच्या फाट्याचे उद्घाटन झाले. एका बाजारगावासाठी आगगाडीची वेगळी वाट काढावी, एवढा कापूस इथे उतरत होता. तेव्हा खामगाव अकोला जिल्ह्यात मोडत असे. बुलढाणा जिल्ह्यात ते १९०५च्या फेररचनेत आले.

हंगामात हा कापूस रोखीने घ्यावा लागे, आणि रोख म्हणजे चांदीचा रुपया. एक रुपया सुमारे एक तोळ्याचा. दहा हजार रुपये म्हणजे तीन मणांहून जास्त चांदी. ती मुंबईहून किंवा इंदूरहून गाडीत घालून आणायची म्हणजे वाटेवरच्या प्रत्येक वळणाला भिऊन आणायची. त्यापेक्षा कागद बरा. खामगावच्या अडत्याने मुंबईतल्या पेढीवर हुंडी लिहावी, हुंडणावळ कापून ती इथल्याच सराफाला विकावी आणि रोख हातात घ्यावी, हा रिवाज पडला. नागपूर-कामठीच्या बन्सीलाल अबीरचंद यांच्यासारख्या मोठ्या पेढ्यांच्या नावावर शेकडो मैल दूरचा व्यापारी डोळे मिटून पैसे मोजत असे.

कागद आला तशी कागदाची चोरीही आली. त्यावर बाजाराने काढलेला तोडगा मला आजही अतिशय शहाणपणाचा वाटतो. बहुतेक मोठ्या हुंड्या ‘शाहजोग’ असत. तिचे पैसे आणून देणाऱ्या कोणालाही मिळत नसत. बाजारात पत असलेला, ज्याचे दुकान, घर आणि सोयरीक चारचौघांना ठाऊक आहे, अशा व्यापाऱ्यालाच, म्हणजे शाहालाच, ते मिळत. समजा, टपालातून हुंडी लंपास झाली. चोर ती घेऊन थेट पेढीवर गेला तर हात हलवत परत येई. त्याला कोणीतरी शाह गाठावा लागे, आणि शाह अनोळखी माणसाच्या कागदाला हात लावताना दहादा विचार करी. कारण पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर त्या शाहाने एक तर खरा भामटा उभा करायचा, नाहीतर घेतलेली रक्कम व्याजासह परत करायची, असा रिवाज होता. ज्याचा कागद चोरीला गेला त्याला कोणी विचारत नसे की तू तो नीट सांभाळला होतास का. चोराच्या वतीने ज्याने पैसे उचलले त्यालाच आधी बोलावणे जाई.

हुंडी हरवली तरी मूळ मालक बुडत नसे. लिहिणारा त्याला ‘पेठ’ करून देई. पेठ म्हणजे दुसरी प्रत, आणि पहिलीचे पैसे दिले नसतील तरच या प्रतीवर द्यावेत, असे तिच्यात लिहिलेले असे. तीही गेली तर ‘परपेठ’. तीही हरवली तर बाजारातल्या पंचांच्या सह्यांचा ‘मेजर’. पैसे देऊन झालेल्या हुंडीला ‘खोका’ म्हणत आणि तो पेढीवर जपून ठेवत, म्हणजे तोच कागद पुन्हा फिरणार नाही. इंग्रजांनी १८८१मध्ये चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला तेव्हा पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज त्यांनी जसेच्या तसे राहू दिले. एवढी ती व्यवस्था भरभक्कम होती.

ही व्यवस्था व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतली होती, हे मात्र विसरून चालणार नाही. ज्याच्या कापसावर हे सगळे उभे होते त्या कुणब्याच्या वाट्याला दुसराच कागद येई. त्याला अक्षरओळख नसे. कर्जखतावर त्याच्या नावाशेजारी नांगराचे चित्र काढत: ‘निशाणी नांगर’. न्हाव्याचा आरसा, बाईची बांगडी. ही निशाणीसुद्धा बऱ्याचदा खत लिहिणाराच काढी, आणि पुढे अंगठ्याचा ठसा आला. वर काय लिहिले आहे, शंभर की दीडशे, व्याज किती, मुदत कोणती, हे निशाणीच्या धन्याला वाचता येत नसे. फेडलेल्या रकमेची पावती मिळेलच असे नाही. दावा कोर्टात गेला की कागद बोले आणि शेती जाई. १८७५मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढले आणि ते जाळले. आपले नुकसान कुठल्या कागदात लिहून ठेवले आहे हे त्यांना चांगले माहीत होते. १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा त्यातूनच झाला. पण तो मुंबई इलाख्यातल्या चार जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते.

बाजारातही तेच. आपल्याकडच्या जुन्या बाजारांत भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करत. ज्याचा माल तो शेतकरी दोन हातांवर उभा, आणि भाव फक्त त्यालाच कळलेला नाही! १८९७मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. बाजार समित्या, खरी वजने, ठरलेली अडत यांची सुरुवात त्यातून झाली. वऱ्हाडाने ही गोष्ट देशाला दिली, याचा मला अभिमान आहे. गुपित कोणी कोणापासून राखायचे, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा कायद्याच्या चौकटीत आला.

बँका आल्या आणि हुंडी मागे पडत गेली. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर जिल्ह्याजिल्ह्याला अग्रणी बँक नेमली गेली आणि बुलढाण्याला सेंट्रल बँक ऑफ इंडिया मिळाली. याच बँकेने १९८०मध्ये ‘सेंट्रलकार्ड’ काढले, भारतीय बँकेने काढलेले पहिले क्रेडिट कार्ड. पण ते मुंबई-दिल्लीच्या साहेबलोकांसाठी होते. आमच्याकडचा विश्वास अजून पासबुकावर आणि ओळखीच्या चेहऱ्यावर चालत होता. १९८६मध्ये राधेश्याम चांडक यांनी बुलढाण्यात पतसंस्था काढली, तिचा पुढे एवढा विस्तार झाला तो याच ओळखीवर; सोने तारण, गोदामातला शेतमाल तारण, आणि काउंटरपलीकडे गावातलाच माणूस.

क्रेडिट कार्ड मी पहिल्यांदा हाताळले ते मुंबईला प्रशिक्षणासाठी गेले तेव्हा. दुकानदार कार्ड एका लोखंडी यंत्रात ठेवी, वर कार्बनची पावती घाली आणि दांडा खरकन सरकवी. उठावाच्या अक्षरांतला नंबर पावतीवर उमटे. हरवलेल्या कार्डांच्या नंबरांची छापील पुस्तिका गल्ल्याजवळ टांगलेली असे आणि ती बारीक अक्षरांत चाळून दुकानदाराने खात्री करायची असे. पुस्तिका छापून येईपर्यंत चोराला मोकळे रान. शिकवणाऱ्या अधिकाऱ्याने आम्हाला एक सूचना बजावून दिली होती: वापरलेला कार्बन गिऱ्हाइकासमोर फाडा. कारण केराच्या टोपलीतून तो उचलला की नंबर, नाव, मुदत सगळे चोराच्या हाती. मी तिथेच चपापले. हुंडी चोरीला गेली तर धन्याला कळायचे, कारण कागद जागेवर नसायचा. इथे कार्ड खिशात राहून चोरी होणार होती.

कार्डाच्या नंबरामागचे गणित मला फार आवडे, आणि ते आजोबांना दाखवता आले असते तर त्यांनाही आवडले असते. सोळा आकड्यांतले पहिले काही आकडे कंपनी आणि बँक सांगतात, मधले खातेदाराचे, आणि शेवटचा एक तपासणीचा. शेवटचा आकडा तसाच ठेवून उजवीकडून डावीकडे एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा. दुप्पट दोन आकडी आली तर त्यातले दोन्ही आकडे मिळवायचे. मग सगळ्यांची बेरीज करायची. ती दहाने पुरी भागली गेली तर नंबर बरोबर. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५४मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६०मध्ये ते मिळाले. हुंडीत निमे आणि दुप्पट, इथेही दुप्पट. पण दोन्हींचे काम वेगळे. हुंडीतले निमे भामट्याला अडवण्यासाठी होते. लून यांची बेरीज नंबर लिहिताना झालेली चूक पकडते; चोराला ती अडवत नाही. उलट ती सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे चोर घरबसल्या शेकडो नंबर तयार करून कोणता चालतो ते पाहू शकतो. कार्डाच्या मागची काळी चुंबकीय पट्टी त्याहून भोळी. तिच्यात जे एकदा लिहिले ते कायम तेच. एटीएमच्या तोंडावर पातळ खोबण चिकटवायची, वर बारीक कॅमेरा लावायचा. पट्टीची नक्कल आणि पिन दोन्ही मिळाले की कोऱ्या प्लास्टिकवर दुसरे कार्ड तयार.

आमच्या जिल्ह्यात बहुसंख्यांच्या हातात कार्ड आले ते शेतीच्या वाटेने. १९९८पासून किसान क्रेडिट कार्ड सुरू झाले. सुरुवातीला ते फोटो लावलेल्या पासबुकासारखेच होते आणि पैसे शाखेतच मिळत. २०१२मध्ये रुपे कार्ड आले, २०१४च्या ऑगस्टमध्ये जनधन योजना आली, आणि मोताळा-संग्रामपूरच्या खेड्यांतही प्रत्येक घरात एक तरी एटीएम कार्ड पोचले. त्याबरोबर पिनचे बंद पाकीट आले. ते फोडून वाचून दाखवायला लोक मुलाला सांगत, शेजाऱ्याला सांगत, एटीएमबाहेर उभ्या असलेल्या अनोळखी पोरालाही सांगत. त्यात त्यांचा दोष मी कधी मानला नाही. निरक्षर माणसाच्या हातात गुपित आकडा ठेवायचा आणि तो कोणालाही सांगू नको म्हणायचे, ही मागणीच चुकीच्या माणसाकडे केलेली होती.

माझ्या टेबलासमोर त्या वर्षांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा. मोताळा तालुक्यातला एक शेतकरी चांगला आठवतो. कापसाचे पैसे खात्यात जमा झाले होते आणि तीन-चार दिवसांत दूरच्या एका शहरातल्या एटीएममधून ते काढले गेले. त्याने खिशातून कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. “म्याडम, कारड तं हे पाहा, माह्या खिशातच हाये. मंग पैसे कोनं नेले?” मी तक्रार लिहून वर पाठवली. उत्तर इंग्रजीत आले: व्यवहार यशस्वी, पिन बरोबर, सबब बँकेची जबाबदारी नाही. ते त्याला मराठीत वाचून दाखवताना माझा आवाज नीट निघेना. तो म्हणाला, “म्हंजे म्याच चोर?” त्या पत्राचा अर्थ तोच होता. पिन बरोबर असणे हाच गुन्ह्याचा पुरावा, आणि तो खातेदाराविरुद्ध. नांगराची निशाणी खतावर आहे, म्हणजे कर्ज घेतलेच, असे म्हणणारे कोर्ट आणि हे पत्र यांत मला काही अंतर दिसले नाही.

न्यायाने सांगायचे तर रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष केले नव्हते. इंटरनेटवर नुसता नंबर घालून खरेदी होऊ नये म्हणून १ ऑगस्ट २००९पासून आणखी एक खूण, पुढे ओटीपी म्हणून सगळ्यांना माहीत झालेली, आपल्याकडे सक्तीची झाली. अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. तिकडे नुसत्या नंबरावर खरेदी चाले, आणि म्हणून चोरलेल्या नंबरांचा बाजारही तिकडेच फोफावला. पण तिकडच्या कार्डवाल्याला एक संरक्षण होते. खरेदी आपली नाही, असे त्याने कळवले की वाद दुकानदाराच्या बँकेकडे जाई, आणि नंबर खरा कोणाचा हे न पाहता माल देणाऱ्या दुकानदाराला बऱ्याचदा पैसे परत द्यावे लागत. युरोपात १ जानेवारी २००५पासून कार्ड कंपन्यांनी ठरवले की ज्याच्याकडे चिप वाचण्याची सोय नाही, बनावट कार्डाचे नुकसान त्याने सोसायचे. नुकसान यंत्र न बदलणाऱ्याच्या नावे पडू लागल्यावर यंत्रे भराभर बदलली. शाहजोग हुंडीमागे हाच विचार होता.

आपल्याकडे जाग आली ती ऑक्टोबर २०१६मध्ये. एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक प्रोग्राम शिरला आणि देशातली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आल्याचे जाहीर झाले. बँकांनी कार्डे बंद केली, नवी पाठवली. त्यानंतर काही आठवड्यांतच नोटबंदी आली आणि एटीएमसमोरच्या रांगांत सगळा देश उभा राहिला. कार्ड बंद, नोटा बंद; त्या दिवाळीनंतरचे दिवस शाखेत काम केलेला कोणीही विसरणार नाही.

मग ६ जुलै २०१७चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आले. माझ्या मते आपल्या बँकिंगच्या इतिहासात सामान्य खातेदारासाठी निघालेला हा सर्वांत मोलाचा कागद आहे. खातेदाराच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारात त्याची चूक होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली गेली. चूक बँकेची असेल तर खातेदाराने एक पैसाही सोसायचा नाही, मग त्याने तक्रार केलेली असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, कुठेतरी मध्येच नंबर चोरला गेला, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले की नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित नुकसान. साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजार, मूलभूत बचत खात्याला पाच हजार. तक्रार आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. त्याच वर्षी १४ डिसेंबरला सहकारी बँकांनाही हे नियम लागू झाले.

ते परिपत्रक मी घरी आणून दोनदा वाचले. “म्हंजे म्याच चोर?” या प्रश्नाला सरकारी भाषेत दिलेले ते उत्तर होते, पण ज्याने विचारले होते त्याच्यासाठी फार उशिरा आलेले. आणि ते पोचले किती जणांपर्यंत? पैसे गेल्याचा संदेश इंग्रजीत येई. मुलगा शाळेतून आल्यावर तो वाचला जाई, शाखेत यायला बाजाराचा दिवस उजाडावा लागे, तोवर तीन दिवस सरत. मुदतीचे घड्याळ खातेदाराला न वाचता येणाऱ्या संदेशापासून चालू होते, हा त्या नियमातला फार मोठा दोष आहे.

२०१८ संपेपर्यंत पट्टीवाली कार्डे बदलून चिपची द्यावीत, असाही हुकूम होता. चिप दर व्यवहाराला नवे उत्तर तयार करते, त्यामुळे तिची नक्कल करून फायदा नाही. पण हुकमाची मुदत भरायच्या आधीच महाराष्ट्राला मोठा फटका बसला. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६पासूनची, जुन्या प्रतिष्ठित सहकारी बँकांतली. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी तिच्या कार्ड-यंत्रणेच्या जोडीला चोरांनी आपली खोटी यंत्रणा उभी केली. जगभरच्या एटीएममध्ये बनावट कार्डे सरकवली जात होती, आणि ‘पैसे द्यायचे का?’ या प्रश्नाला बँकेऐवजी चोरांची यंत्रणा ‘द्या’ म्हणत होती. काही तासांत २८ देशांतून सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्टच्या मार्गे हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही. नुकसान बँकेने आपल्या नावे घेतले. मोठी चोरी झाली तेव्हा, पैसे बनावट कार्डांनी नेले, हे बँकेचे म्हणणे सगळ्यांना पटले. खिशात कार्ड असलेल्या एकट्या शेतकऱ्याचे तेच म्हणणे मात्र कोणाला पटत नव्हते. दुसरी, पकडले कोण गेले? कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा ठिकाणी एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणारे आणि त्यांना कार्डे पुरवणारे. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये अकरा जणांना शिक्षा सुनावली. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२१मध्ये उत्तर कोरियाच्या हस्तकांवर जे आरोपपत्र जाहीर केले त्याच्याशी निगडित प्रकरणात कॉसमॉसच्या लुटीचाही उल्लेख आहे. चोरीचे डोके परदेशात होते. पण नोट हातात घेण्यासाठी त्यालाही इथला माणूस लागला.

तो इथला माणूस आजही लागतो. १ ऑक्टोबर २०२०पासून नव्या कार्डावरची ऑनलाइन खरेदी खातेदाराने सुरू केल्याशिवाय चालत नाही. १ ऑक्टोबर २०२२पासून दुकानदारांना कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही; त्याजागी एक बदली खूण राहते. नंबर चोरणे खरोखरच अवघड झाले. म्हणून चोर आता नंबर चोरत नाहीत, तो माणसाकडूनच वदवून घेतात. केवायसी संपले, कार्ड बंद पडणार, वीज तोडणार, नातवाला पोलिसांनी धरले. घाबरलेला माणूस ओटीपी सांगतो, आणि त्याने स्वतः सांगितला म्हणून २०१७च्या नियमाने बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याच्या नावे पडते. भीती घालून काढून घेतलेला आकडा स्वखुशीने दिला, असे धरणे मला मान्य नाही.

गेलेले पैसे कुठल्यातरी खात्यात जातात. ते खाते कुठल्यातरी बँकेने उघडलेले असते. आधार, पॅन, फोटो घेऊन, हा माणूस खरा आहे असे पाहून. बऱ्याचदा ते एखाद्या गरीब पोराचे असते, ज्याला चार-पाच हजार देऊन त्याचे पासबुक आणि कार्ड कोणीतरी नेलेले असते. जुन्या बाजाराच्या भाषेत बोलायचे तर ती बँक शाह आहे. चोराच्या वतीने पैसे तिच्या दारात आले आणि तिच्याच दारातून गेले. खामगावच्या बाजारात तिला विचारले असते: माणूस उभा कर, नाहीतर रक्कम भर. आज तिला असे कोणी विचारत नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन केला आणि पैसे त्या खात्यात अजून असतील तर ते गोठवले जातात, एवढेच. गेले असतील तर गेले.

ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४पासून वेगळा नियम आहे. फसवून वळते करून घेतलेले पैसे ग्राहकाला ८५,००० पौंडांपर्यंत परत मिळतात, आणि त्यातली निम्मी रक्कम पाठवणाऱ्या बँकेने, निम्मी स्वीकारणाऱ्या बँकेने भरायची. स्वीकारणाऱ्याच्या नावे नुकसान टाकल्याशिवाय तो खाते उघडताना डोळे उघडे ठेवणार नाही, हे तिकडे आता ठरले. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २५ सप्टेंबर २०२५च्या निर्देशांत एक पाऊल टाकले आहे. ओळख पटवण्याचे नवे नियम न पाळता व्यवहार होऊ दिला तर पैसे गेलेल्या ग्राहकाची पूर्ण भरपाई त्याच्या बँकेने हुज्जत न घालता द्यायची, आणि हे १ एप्रिल २०२६पासून. पण त्यात नाव येते ते पाठवणाऱ्या बँकेचे. पैसे घेणारी बँक बाहेरच राहते.

निवृत्तीनंतर मी खामगाव आणि शेगावच्या आसपासच्या बचत गटांत जाते. तिथे बायकांना मी एवढेच करायला लावते. पैसे गेले की आधी १९३०, मग बँक. तक्रार तोंडी करायची नाही. तारीख, वेळ आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठायचे नाही, कारण तीन दिवसांचा हिशेब त्या शिक्क्यावरून होतो. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज, आणि तो मराठीत लिहिला तरी चालतो. अर्जात एक वाक्य मी मुद्दाम घालायला सांगते: पैसे ज्या खात्यात गेले ते कोणत्या बँकेत आहे आणि ते उघडताना काय तपासले, हे आम्हाला कळवावे. अजून एकाही अर्जाला या वाक्याचे उत्तर आलेले नाही. तरी पुढच्या अर्जातही ते राहील.